मुंबईचे सदोबा, बनासकांठाचे खासदार

पोटापाण्यासाठी पीण्याच्या कारखान्यांत आलेल्या मराठी माणसाला स. का. पाटील यांची कारकीर्द वेगळ्या कारणाने जवळची वाटावी. ती ज्याने संपवली, तो मंगळूरचा तरुण याच बंगळुरूतील सेमिनरी सोडून मुंबईला गेला होता.

तळकोकणातून आलेल्या सदोबांनी आपली सत्ता महापालिकेतून उभी केली. १९४९ ते १९५२ या काळात ते तीनदा महापौर झाले. शहर काँग्रेसच्या नाड्या त्यांच्याच हाती राहिल्या. पुढे ते केंद्रात गेले. अमेरिकी गव्हाचा १९६०चा करार त्यांच्या अन्नखात्याच्या काळातला. नंतर रेल्वेही त्यांच्याकडे आली. मात्र मुंबई महाराष्ट्राला देण्यास या मराठी नेत्याचा कडवा विरोध होता. १९५७ च्या संयुक्त महाराष्ट्र समितीच्या लाटेतही दक्षिण मुंबईने त्यांना तारले, आणि बहुधा तेथेच त्यांचा हिशेब चुकला. दरम्यान जॉर्ज फर्नांडिस टॅक्सीचालक व पालिका कामगारांना संघटित करीत होते. १९६१ पासून ते नगरसेवकही होते. म्हणजे पाटलांचीच वाट. १९६७ मध्ये त्यांनी पाटलांना त्यांच्याच मतदारसंघात हरवले.

लोकसभेत परतण्यासाठी सदोबांना गुजरातेतील बनासकांठा गाठावे लागले. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.