उपेक्षित कक्षाचे आचार्य : डॉ. हेब्रा

त्वचारोग्यास व्याधीपेक्षा लोकांचा तिटकाराच अधिक जाळतो. म्हणूनच डॉ. फर्डिनांड हेब्रा (१८१६–१८८०) यांचे पुण्यस्मरण आम्ही येथे करीत आहोत.

व्हिएन्नाच्या ज्या सार्वजनिक रुग्णालयात त्यांनी आयुष्य वेचले, त्याची जागा १६८६ साली एका डॉक्टरांनी सैनिकांच्या इस्पितळासाठी दान दिली होती. तेथील खरजेच्या रोग्यांचे काम हलके गणले जाई. तरुण हेब्रांनी तेच पत्करले. खरूज रक्तदोषातून उद्भवते, असा तेथील विद्वानांचा समज होता. हेब्रांनी खरजेचे किडे स्वतःच्या अंगावर घेऊन ती ओढवून घेतली आणि त्वचेत बिळे करणारा हा किडाच रोगाचे कारण होय, हे १८४४ साली सप्रमाण मांडले. पुढे ते त्वचारोग विभागाचे प्रमुख झाले. १८६९ साली त्यांस प्राध्यापकपद लाभले. देशोदेशीचे विद्यार्थी त्यांच्याकडे शिकावयास येत.

आमच्या घरांतूनही खरूज अद्याप लाजेपोटी लपविली जाते. ती पूर्वकर्माचे फळ नव्हे. एकास झाली तर घरातील सर्वांनी एकाच वेळी औषधोपचार घ्यावा, रोग्यास हिणवू नये. हीच त्या थोर पुरुषास आमची आदरांजली ठरेल.