शस्त्रवैद्य जॉन हंटर

स्कॉटलंडमधील एका शेतकऱ्याच्या घरीं १७२८ सालीं जन्मलेल्या या मुलाचें मन शाळेंत कधींच रमलें नाहीं. १७४८ सालीं तो लंडनला वडील भावाच्या शरीरच्छेदनशाळेंत गेला, व तेथें त्यास आपला मार्ग सांपडला. हाड लांब होतें तें मधून कीं टोकांकडून? तर्क करीत न बसतां त्यानें डुकराच्या पिलाच्या नडगींत दोन भोकें पाडून शिशाचे छर्रे बसविले. (भूल देण्याची विद्या तेव्हां प्रचारांत नव्हती, त्या मुक्या जीवाची आम्हांस कींव येते.) पिलूं वाढलें, हाड लांबलें, छर्ऱ्यांमधील अंतर मात्र होतें तेवढेंच राहिलें! म्हणजे वाढ टोकांशीं होते. तेथील कूर्चेचा पातळ थर दुखावल्यास मुलाचा पाय आंखूड वा वांकडा राहूं शकतो. म्हणूनच वैद्य मुलांच्या मोडलेल्या हाडाचीं टोकें काळजीनें पाहतात. हंटर १७९३ सालीं वारला.