दोन पानांच्या निबंधाचा धनी : एड्सगर डाइक्स्ट्रा

थोर संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांचा जन्म ११ मे १९३० रोजी नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे झाला. १९५२ पासून ते ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून काम करू लागले. मात्र १९५७ मध्ये विवाहनोंदणीच्या वेळी, असा व्यवसायच नसल्याचे सांगून नगरपालिकेने तो नोंदविण्यास नकार दिला!

दोन शहरांमधील सर्वांत जवळचा मार्ग शोधण्याची त्यांची रीत १९५९ मध्ये प्रसिद्ध झाली. १९७२ मध्ये त्यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

त्यांचे एक मोलाचे संशोधन मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. जोडलेल्या संगणकांपैकी प्रत्येकाला केवळ आपली व शेजाऱ्याची स्थिती ठाऊक असते; संपूर्ण यंत्रणा कोणालाच दिसत नाही. तरीही नियम नीट आखले, तर कोणत्याही बिघडलेल्या स्थितीतून ती आपोआप पूर्वपदावर येऊ शकते, हे त्यांनी १९७४ मध्ये अवघ्या दोन पानांच्या निबंधात दाखवून दिले. १९८३ मध्ये लेस्ली लॅम्पोर्ट यांनी एका परिषदेतील व्याख्यानात या निबंधाचे महत्त्व विशद केले आणि संशोधकांचे तिकडे लक्ष वळले.

२००२ मध्ये याच निबंधाला वितरित संगणनातील प्रभावी शोधनिबंधाचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ६ ऑगस्ट रोजी न्यूनेन येथे कर्करोगाने त्यांचे निधन झाले. २००३ पासून तो पुरस्कार डाइक्स्ट्रा यांच्याच नावाने दिला जातो.