ताराबाई मोडक : छडीवाचून शाळा

‘शिक्षण’ आणि ‘शिक्षा’ हे दोन्ही शब्द ‘शिक्ष्’ या एकाच धातूपासून आले आहेत. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे विद्यादान. मराठीत मात्र त्याचा रूढ अर्थ दंड असा झाला. एका शब्दावरून समाजाचा स्वभाव सिद्ध होत नाही, हे भाषेच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावे. तरीही शाळा म्हटली की छडी आलीच, ही समजूत आपल्याकडे दीर्घकाळ टिकली. ती दूर करायची तर आधी शिक्षक घडवावा लागेल, हे ओळखून त्यासाठी आयुष्य वेचणाऱ्यांत ताराबाई मोडक अग्रणी होत्या.

त्यांचा जन्म १८९२ मध्ये मुंबईत, प्रार्थना समाजाच्या संस्कारांत वाढणाऱ्या केळकर कुटुंबात झाला. १९१४ मध्ये त्या बी. ए. झाल्या. विवाहानंतर त्या अमरावतीस आल्या, म्हणून आपल्या विदर्भाशीही त्यांचा ऋणानुबंध आहे. तो संसार टिकला नाही. पुढे राजकोटच्या स्त्री-अध्यापन महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी भूषविले आणि १९२३ मध्ये ते मानाचे पद सोडून, लहान मुलीसह, भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्या कार्यात त्या सहभागी झाल्या.

भावनगरचा बालमंदिराचा प्रयोग माँटेसरी पद्धतीवर उभा होता. तेथे मारणे तर नव्हतेच, पण बक्षीसही नव्हते. याचे आपणांस नवल वाटेल. बक्षिसाच्या लोभाने वागणारे मूल आणि छडीच्या धाकाने वागणारे मूल, दोघेही मोठ्यांच्या मर्जीवरच चालतात, असा त्यामागील विचार होता. मुलांच्या उंचीचे फळे, हाती घेता येतील अशी साधने आणि काम निवडण्याची मोकळीक मिळाली की भांडणाची कितीतरी कारणे नाहीशी होतात. कठीण भाग असतो तो शिक्षकाचा. उगारलेला हात आवरणे, आवाज न चढवणे, ‘हा खोडकर’ असा शिक्का मारण्यापूर्वी मूल भुकेले आहे की रिकामे, हे पाहणे. या गोष्टी आपोआप येत नाहीत, त्या शिकाव्या लागतात. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस व मानसिक छळास मनाई केली. परंतु मनाई झाल्यावर शिक्षकाने नेमके काय करावे, हे कायद्याच्या कलमातून शिकता येत नाही.

म्हणूनच ताराबाईंनी बालमंदिराइतकेच महत्त्व अध्यापक-प्रशिक्षणाला दिले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३३ पासून मराठी ‘शिक्षणपत्रिका’ निघू लागली. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले.

तथापि शहरातील सुखवस्तू मुलांपुरते हे शिक्षण राहावे, हे त्यांना मान्य नव्हते. १९४५ मध्ये बोर्डी येथे त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारले. (या नावातील ‘शिक्षा’ कोणत्या अर्थाची, हे आपण जाणताच.) अनुताई वाघ येथेच त्यांना येऊन मिळाल्या. महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, बिया आणि पाने आली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये, आणखी एक अडचण समोर आली : मुले गुरांमागे रानात जात, ती शाळेत येणार केव्हा? गैरहजेरीबद्दल मुलांना दोषी ठरवण्याऐवजी शाळाच कुरणात नेण्यात आली. हीच कुरणशाळा.

१९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्यांचे निधन झाले. कोसबाडचे काम त्यानंतर अनुताईंनी पुढे चालविले.