मलिक अंबर आणि न ओढता चढणारे पाणी

सोळाव्या शतकाच्या मध्यास इथिओपियात जन्मलेला एक मुलगा गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे दख्खनमध्ये आला. निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याच्या पदरी तो राज्यकारभार शिकला. १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतल्यावर बुडती निजामशाही सावरली ती याच मलिक अंबरने. १६१० मध्ये त्याने खडकी येथे नगर वसवले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर.

नगराला पाणी हवे होते. अंबरने उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याशी जमिनीखाली बोगदे खोदून झिरपणारे पाणी गोळा केले आणि उतारावरून नळांनी शहरात आणले. वाटेत दगडी स्तंभ उभारले. पाणी स्तंभात वर चढे, अडकलेली हवा सोडून देई आणि दुसऱ्या नळाने पुढे जाई. उगम स्तंभाच्या माथ्यापेक्षा उंच असल्याने ते आपोआप चढे. हीच नहर-ए-अंबरी.

१६२६ मध्ये अंबरचे निधन झाले. त्याची कबर खुलताबादला आहे. त्यानंतर दोन दशकांच्या आत इटलीत टॉरिचेलीने हवेला वजन असते, हे दाखवले. पंप पाणी ओढत नाही. तो नळातील हवा काढतो आणि बाहेरच्या हवेचा दाब पाण्याला वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब पाणी जेमतेम १०.३ मीटर चढवतो. साडेपाचशे मीटरहून उंचावरील या शहरात ही मर्यादा साडेनऊ मीटरच्या आसपास येते. नळातील घर्षणामुळे प्रत्यक्षात सहा-सात मीटरच धरावी.  ढकलण्याला मात्र अशी मर्यादा नाही. उस्मानपुऱ्यातील इमारतीतही मोटार गच्चीवर न बसवता खालच्या हौदाजवळ बसवतात, ती यामुळेच.

यात आरोग्याचाही प्रश्न आहे. नळात दाब असेल तर गळतीतून पाणी बाहेर जाते. पण नळाच्या जोडणीला थेट मोटार लावली की जलवाहिनीतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी होऊ शकतो. मग त्याच फटीतून शेजारच्या गटाराचे पाणी आत शिरते आणि कावीळ, विषमज्वर, अतिसाराचे जंतू घरोघरी पोहोचतात. नळाचे पाणी आधी हौदात पडू द्यावे, मोटार हौदालाच लावावी. अंबरच्या नहरीत ओढणारे काहीच नव्हते. उताराने आलेले पाणी स्वतःच्याच दाबाने वाहत होते.