शिक्षा कोणाला, बक्षीस कशाचे?
राजर्षी शाहू महाराजांच्या कार्याचा एक धडा

पंचशील ग्रहण करताना आपण 'सिक्खापद' हा शब्द उच्चारतो. पालीतील सिक्खा म्हणजे शिकणे, स्वतःला वळण लावणे. तिच्याच जोडीचा संस्कृत शब्द मराठीत 'शिक्षा' म्हणून आला आणि त्याचा अर्थ दंड असा रूढ झाला. या देशातील शूद्रातिशूद्रांच्या वाट्याला शतकानुशतके सिक्खा आली नाही, शिक्षा मात्र भरपूर आली. ती त्यांच्या कृत्याला नव्हती, जन्माला होती. वरच्या वर्णाला मानमरातबही जन्मानेच मिळत होता. काहीही केले तरी फळ जन्मावरूनच ठरणार असेल, तर माणसाने शिकावे कशासाठी? हा प्रश्न राजगादीवर बसून ज्यांनी सोडवायला घेतला, त्या कोल्हापूरच्या छत्रपती शाहू महाराजांचे चरित्र आपण या दृष्टीने पाहिले पाहिजे.

महाराजांचा जन्म २६ जून १८७४ रोजी कागलच्या घाटगे घराण्यात झाला. मूळचे नाव यशवंतराव. १७ मार्च १८८४ रोजी ते कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले. राजकोट व धारवाड येथे त्यांचे शिक्षण झाले आणि २ एप्रिल १८९४ रोजी, विसाव्या वर्षी, राज्यकारभार त्यांच्या हाती आला. पाच वर्षांतच, १८९९ साली, वेदोक्त प्रकरण उभे राहिले. राजवाड्यातील धार्मिक विधी वेदमंत्रांनी करण्यास पुरोहितांनी नकार दिला, कारण त्यांच्या लेखी छत्रपती शूद्र होते. जन्माची शिक्षा काय असते, हे महाराजांना तेथे कळले. राजाची ही गत, तर गावकुसाबाहेरच्या माणसाची काय असेल, याचा विचार त्यांनी केला, हे त्यांचे मोठेपण होय.

महाराज गादीवर आले तेव्हा संस्थानच्या सर्वसाधारण प्रशासनातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. शेतकऱ्याचा किंवा महाराचा मुलगा उपाशीतापाशी शिकला, तरी पुढे त्याला दार बंदच. ज्या कष्टाला फळ नाही, ते कष्ट कोणी करीत नाही. मग तोच समाज 'यांना शिक्षणाची आवडच नाही' असे म्हणायला मोकळा! २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी मागासलेल्या वर्गांसाठी सरकारी नोकरीत निम्म्या जागा राखून ठेवण्याचा हुकूम काढला. शिकलास तर तुला जागा आहे, असे राज्याने खेड्यातल्या मुलाला प्रथमच सांगितले. ही खैरात नव्हती. शिक्षणाचे जे फळ एका वर्गाने अडवून धरले होते, ते शिकणाऱ्यापर्यंत पोहोचवण्याची ही व्यवस्था होती. त्याच्या जोडीला १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे निघत गेली. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग सुरू झाले. १९११ मध्ये अस्पृश्यांचे शिक्षण पूर्णपणे मोफत झाले.

यानंतर महाराजांनी दंडाकडे लक्ष वळवले. १९१७ साली त्यांनी सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्येच असा कायदा संस्थानभर लागू केला होता. ब्रिटिश मुलखात मात्र गोखल्यांचे विधेयक १९१२ साली फेटाळले गेले. कोल्हापूरच्या कायद्यात मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंडाची तरतूद होती. येथे क्रम पाहण्यासारखा आहे. आधी फी गेली, वसतिगृह आले, नोकरीची वाट मोकळी झाली आणि मग दंड आला. तोही लेकराच्या पाठीवर नाही, मोठ्या माणसाच्या जबाबदारीवर.

१९१८ साली महाराजांनी हजेरीची पद्धत बंद केली. काही जातींच्या लोकांना गुन्हा असो वा नसो, चावडीवर जाऊन हजेरी द्यावी लागे. रोज चोर म्हणून मोजल्या जाणाऱ्या माणसाला सचोटीने वागून काय मिळणार? महाराजांनी ती मोजणी थांबवली. त्याच वर्षी महार वतन रद्द करून त्यांनी वेठबिगारीचा पाया उखडला. १९१९ मध्ये तर त्यांनी शिक्षेचे तोंडच फिरवले. अस्पृश्यांशी समतेने वागणे ज्या अधिकाऱ्याला मान्य नसेल, त्याने सहा आठवड्यांत राजीनामा द्यावा, त्याला पेन्शन मिळणार नाही, असा हुकूम निघाला. शाळांतील भेदभावाबद्दल शिक्षकांना जबाबदार धरण्यात आले. ३० सप्टेंबर १९१९ च्या हुकमाने अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांची मुले सर्वांबरोबर बसवण्यात आली.

पण केवळ धाकाने मन पालटत नाही, हेही महाराज ओळखून होते. गंगाराम कांबळे या त्यांच्या नोकराला पाण्याला शिवला म्हणून मारहाण झाली. मारणाऱ्यांना महाराजांनी स्वतः चाबकाने फोडले, असे सांगतात. परंतु ते तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी गंगारामांना चहाचे हॉटेल काढून दिले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला, बरोबरच्या मंडळींनाही पाजला. चाबकाने मारणारा हात थांबला असेल; पण सरदार-मानकऱ्यांच्या ओठांना अस्पृश्याच्या हातचा कप लागला तो राजाच्या उदाहरणाने.

२१ व २२ मार्च १९२० रोजी माणगाव येथे परिषद भरली. तिचे अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाराज तेथे आले आणि तुम्हाला तुमचा पुढारी मिळाला आहे, असे त्यांनी जमलेल्या बांधवांना सांगितले. 'मूकनायक'लाही त्यांनी अर्थसाहाय्य केले होते. पुढे दोनच वर्षांनी, ६ मे १९२२ रोजी, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

आम्हा मराठवाड्यातील लोकांच्या वाट्याला तो राजा आला नाही. आम्ही निजामाच्या राज्यात होतो. माझ्या घरात कॉलेजची पायरी प्रथम मी चढलो, ती शाहू-फुले-आंबेडकरांनी उघडलेल्या वाटेनेच. आज येलदरीच्या परिसरात शिकवताना दिसते, की दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांबरोबर काही लेकरे निघून जातात. परत येतात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. अशा बापाला दंड करून काय साधणार? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पालकावर दंड ठेवलेला नाही, आणि मुलाला मारणे व मानसिक त्रास देणे यांस मनाई केली आहे. तरीही चुकलेल्या मुलाला त्याच्या वस्तीवरून, आडनावावरून बोल लावणारे आढळतात. छडी गेली, पण ही हजेरी अजून चालू आहे.

शिक्षकबंधूंनो आणि पालकांनो, भगवान बुद्धांनी माणसाची श्रेष्ठता जन्माने नव्हे, कर्माने ठरवली. तीच कसोटी आपल्या वर्गाला आणि घराला लावू या. मुलाची चूक झाली तर ती चूक दाखवावी, त्याचे कूळ काढू नये. त्याने एक ओळ नीट वाचली तर त्या ओळीचे कौतुक त्याच दिवशी व्हावे, सर्वांसमक्ष व्हावे. आणि ऊसतोडीहून परतलेल्या लेकराला पहिल्या दिवशी जाब न विचारता पुस्तक हाती द्यावे. राजर्षींच्या जयंतीला मिरवणूक काढणाऱ्या प्रत्येक गावाने एवढे केले, तरी त्यांचे ऋण थोडे फिटेल.