विश्लेषण : फोर्ड मोटारीला बैल का जुंपले? जमनालाल बजाज आणि वर्ध्याची ‘ऑक्सफर्ड’

जुनी फोर्ड घरच्या गॅरेजमध्ये आणायची, नको ते सुटे भाग काढून टाकायचे, दमदार इंजिन बसवायचे आणि सुसाट पळवायची. ‘हॉट रॉड’ नावाचा हा छंद अमेरिकेत १९३० आणि ४० च्या दशकांत रुजला. साधारण त्याच काळात वर्ध्यातही एका फोर्डचे रूप पालटले. फरक एवढाच, की इथे इंजिनच काढून टाकले आणि पुढे बैलजोडी जुंपली. ही गाडी होती जमनालाल बजाज यांच्याकडची. ज्यांच्या घराण्याने पुढे देशाला स्कूटर दिली, त्यांनी मोटारीचे इंजिन का सोडले असावे? ते समजण्यासाठी त्यांचे आयुष्य पाहावे लागते.

‘ऑक्सफर्ड’ हे नाव कसे पडले?

विद्यापीठाशी या नावाचा काहीही संबंध नाही. इंग्रजीत ‘ऑक्स’ म्हणजे बैल. बैलांनी ओढलेली फोर्ड म्हणून ‘ऑक्सफर्ड’. वर्ध्यात येणाऱ्या-जाणाऱ्या काँग्रेस पुढाऱ्यांत आणि आश्रमवासीयांत विलायतेत शिकून आलेले अनेक जण होते, त्यामुळे हा विनोद समजावून सांगण्याची गरज पडली नसावी. पाहुण्यांच्या ने-आणीसाठी ही गाडी वापरली जाई.

हॉट रॉडवाले फोर्डचे काय करत?

फोर्डची ‘मॉडेल टी’ १९०८ ते १९२७ या काळात बनली आणि दीड कोटी गाड्या रस्त्यावर आल्या. त्यानंतर ‘मॉडेल ए’ आणि १९३२ मध्ये आठ सिलिंडरची ‘व्ही-८’ आली. साहजिकच जुन्या फोर्ड भंगाराच्या भावात मिळू लागल्या. कॅलिफोर्नियातील पोरे त्यातली रोडस्टर, म्हणजे पक्के छप्पर नसलेली दोन आसनी गाडी, निवडत. मडगार्ड, पायरी, बॉनेट काढले की वजन घटते. तेवढ्याच ताकदीच्या इंजिनाला कमी वजन ओढायचे असेल तर गाडी झटकन वेग घेते. हे साधे गणित घेऊन ही मंडळी कोरड्या पडलेल्या तलावांच्या सपाट पात्रात शर्यती लावत. १९३७ मध्ये त्यांची संघटनाही उभी राहिली.

इंजिन काढून जनावर जुंपण्याचा प्रकारही वर्ध्यापुरता नव्हता. १९३० च्या महामंदीत कॅनडातील शेतकऱ्यांना पेट्रोल परवडेनासे झाले. त्यांनी मोटारीतून इंजिन काढून घोडे जोडले आणि पंतप्रधान बेनेट यांच्या नावाने त्या गाड्यांना ‘बेनेट बग्गी’ म्हणू लागले. अमेरिकेत अशाच गाड्यांना राष्ट्राध्यक्ष हूव्हर यांचे नाव मिळाले. ती हतबल लोकांनी सरकारला मारलेली कोपरखळी होती.

जमनालाल बजाज मात्र हतबल नव्हते. कापसाचा व्यापार, साखर कारखाना, पोलाद उद्योग असा पसारा असलेल्या या माणसाला पेट्रोलचा खर्च जड नव्हता.

वर्ध्यात ते कसे आले?

४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या लहान गावात त्यांचा जन्म झाला. वडील कनीराम साधे शेतकरी. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेठ बछराज यांनी या मुलाला नातू म्हणून दत्तक घेतले, तेव्हा तो जेमतेम पाच वर्षांचा होता. या दत्तकविधानाच्या बदल्यात कनीराम यांनी स्वतःसाठी पैसा मागितला नाही. बछराज यांनी त्या तहानलेल्या गावात विहीर बांधून दिली. एका विहिरीच्या मोबदल्यात मुलगा गेला, असे आज वाचताना चरकायला होते. पण मारवाडातील पाण्याचे मोल ज्याला ठाऊक आहे, त्याला त्यातला अर्थ वेगळा दिसेल.

वर्धा तेव्हा कापसाची मोठी बाजारपेठ होती. काळ्या जमिनीत पिकलेला कापूस बंडीतून यायचा, जिनिंगमध्ये सरकी वेगळी व्हायची आणि गाठी रेल्वेने मुंबईला जायच्या. जमनालाल यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नाही. व्यापार ते पेढीवर बसून शिकले. १९०२ मध्ये जानकीदेवींशी त्यांचा विवाह झाला.

स्टॅम्प पेपरवर संपत्ती का सोडली?

ही घटना १९०७ ची. एका लग्नाला जाताना दागिने घालण्यावरून आजोबा संतापले आणि आपल्या पैशाचा उद्धार करून नातवाला नको ते बोलले. सतरा वर्षांच्या जमनालाल यांनी वाद घातला नाही. त्यांनी रीतसर स्टॅम्प पेपरवर लिहून दिले, की तुमच्या संपत्तीवर माझा हक्क नाही, आणि घर सोडले. आजोबांनी मनधरणी करून त्यांना परत आणले. त्याच वर्षी बछराज वारले आणि सगळी मालमत्ता शेवटी त्यांच्याकडेच आली. पण लिहून दिलेला कागद ते विसरले नाहीत. वारशात मिळालेली रक्कम आपली नव्हेच, असे मानून पुढे त्यांनी ती व्याजासह दानधर्मात वळती केली.

गांधीजी भेटण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे, हे लक्षात घ्यायला हवे. विश्वस्त या नात्याने संपत्ती वापरण्याची शिकवण त्यांना गांधीजींनी दिली, असे सरसकट सांगितले जाते. प्रत्यक्षात जमीन आधीच नांगरलेली होती.

मोटार सरकारने जप्त केली, ती केव्हा?

१९२० च्या नागपूर काँग्रेसमध्ये ते स्वागताध्यक्ष होते. तिथेच त्यांनी गांधीजींकडे एक अजब मागणी केली. मला तुमचा पाचवा मुलगा माना, ही ती मागणी. गांधीजींना चार मुलगे होते. दत्तक गेलेल्या माणसाने मोठेपणी स्वतःहून वडील निवडले. सरकारने दिलेली ‘रायबहादूर’ ही पदवी त्यांनी १९२१ मध्ये परत केली. वकिली सोडणाऱ्यांच्या निर्वाहासाठी त्यांनी टिळक स्वराज्य फंडाला एक लाख रुपये दिले. घरातले विदेशी कपडे होळीत गेले आणि जानकीदेवींनी सोने अंगावरून उतरवले. त्याच वर्षी विनोबा भावे वर्ध्यात आले आणि आश्रम सुरू झाला.

मग १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह. नेतृत्वाबद्दल जमनालाल यांना अठरा महिन्यांची कैद आणि तीन हजार रुपये दंड झाला. तीन हजार ही त्यांच्यासाठी किरकोळ रक्कम, पण दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. त्यांनी भरला नाही. वसुलीसाठी सरकारने त्यांची मोटार आणि घोडागाडी जप्त केली. लिलाव पुकारला गेला, तेव्हा त्या भागात बोली लावायला कुणी पुढे येईना. अखेर ती वाहने बाहेर नेऊन विकावी लागली.

मोटार ही त्या काळी श्रीमंतीची सर्वांत ठळक खूण होती. ती खूण एकदा सरकारने काढून नेली. पुढच्या खेपेला इंजिन घरच्याच माणसांनी उतरवले.

सेवाग्रामच्या वाटेवर बैलच का?

मिठाच्या सत्याग्रहानंतर गांधीजी साबरमतीला राहायला परतले नाहीत. त्यांना वर्ध्यात आणण्याचा आग्रह जमनालाल यांचा. आपली बागेसह असलेली जागा त्यांनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाला दिली, ती मगनवाडी. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी तिथून जवळच्या शेगावला राहायला गेले. या गावातली बरीच जमीन बजाज यांच्या मालकीची होती. शेगावचे १९४० मध्ये ‘सेवाग्राम’ झाले.

वर्धा ते सेवाग्राम अंतर आठ किलोमीटर. आज दुचाकीवर पंधरा मिनिटे. तेव्हा धड रस्ता नव्हता आणि पावसाळ्यात विदर्भातली काळी माती काय करते, हे इथल्या कुणालाही सांगायला नको. पातळ टायरची मोटार त्या चिखलात रुतली, की तिला बाहेर काढायला शेवटी बैलच बोलवावे लागत.

आकड्यांत सांगायचे तर ‘मॉडेल टी’चे इंजिन २० अश्वशक्तीचे होते. सतत काम करणारी बैलजोडी देते साधारण एक अश्वशक्ती. म्हणजे ताकद वीसपट कमी आणि वेग ताशी चारेक किलोमीटर. त्या हिशेबाने सेवाग्रामला पोचायला दोन तास. पण इंजिन गेले तरी मोटारीत बरेच काही उरते : स्प्रिंगा, हलक्या फिरणाऱ्या आसाची चाके, गादीची बैठक. लोखंडी धाव बसवलेल्या लाकडी चाकाच्या बंडीत बसून ज्याने पाठ शेकून घेतली आहे, त्याला या उरलेल्या फोर्डची किंमत कळेल. शिवाय दुरुस्तीसाठी सुटे भाग लागत नाहीत आणि इंधन शेतातच उगवते. १९४१ मध्ये युद्धामुळे देशात पेट्रोलचे रेशनिंग आले, तेव्हा तर हे शहाणपणच ठरले.

अर्थात ग्रामोद्योगाच्या कडव्या कसोटीला ही गाडीही पूर्ण उतरली नसती. मगनवाडीत बसून ग्रामोद्योग संघ चालवणारे अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पा यांचा बैलगाडीला रबरी टायर लावण्यालाच विरोध होता. टायर कारखान्यातून येणार आणि गावच्या सुतार-लोहाराचे काम जाणार, हा त्यांचा हिशेब. आठ किलोमीटरच्या त्या वाटेवर असे कितीतरी वाद चालत गेले असतील.

उद्योगपती म्हणून ते यंत्रविरोधी होते का?

नाही. इथेच त्यांना समजून घेताना गफलत होते. १९२६ हे बजाज उद्योगसमूहाच्या स्थापनेचे वर्ष मानले जाते. १९३१ मध्ये त्यांनी उत्तर प्रदेशात साखर कारखाना सुरू केला आणि त्या दशकाच्या अखेरीस मुकंद या पोलाद कंपनीत ते उतरले. साखर आणि पोलाद हे काही चरख्यावर होणारे उद्योग नव्हेत. दुसरीकडे काँग्रेसचे खजिनदारपद त्यांनी अखेरपर्यंत सांभाळले, खादीचा कारभार पाहिला आणि १९२८ मध्ये वर्ध्यातील घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर सनातन्यांचा विरोध पत्करून दलितांना खुले केले.

कारखान्यात यंत्र आणि दारात बैल, ही विसंगती आहेच. ती त्यांनी लपवली नाही आणि पूर्णपणे सोडवलीही नाही. स्वतःच्या अंगावर, घरात आणि वापरात किती ठेवायचे, एवढ्यापुरती त्यांनी रेषा आखली आणि ती दरवर्षी थोडी अलीकडे सरकवत नेली.

शेवट कसा झाला?

१९४१ मध्ये गोसेवा संघाचे काम त्यांनी अंगावर घेतले. शहरातला वाडा सोडून ते वर्ध्याजवळच्या गोपुरीत झोपडीत राहू लागले. गायी-बैलांची पैदास, चारा, दूध हेच त्यांचे रोजचे विषय झाले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी मेंदूतील रक्तस्रावाने त्यांचे अचानक निधन झाले. वय ५२. अंत्यसंस्कार गोपुरीतच झाले. गोसेवेचे काम जानकीदेवींनी पुढे नेले. १९५६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले.

उद्योगाची धुरा मुलगा कमलनयन यांच्याकडे गेली. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी एका नव्या कंपनीची नोंदणी झाली. ती आधी परदेशी दुचाकी आणि तीनचाकी आणून विकायची. १९५९ मध्ये तिला त्या इथेच बनवण्याचा परवाना मिळाला आणि १९६० मध्ये तिचे नाव ‘बजाज ऑटो’ झाले. १९७२ मध्ये तिने आणलेल्या स्कूटरला नाव दिले ते राणा प्रतापांच्या घोड्याचे, ‘चेतक’. नोंदणीच्या वेळी मात्र या कंपनीचे नाव होते ‘बछराज ट्रेडिंग कॉर्पोरेशन’. ज्या आजोबांची संपत्ती सतरा वर्षांच्या जमनालाल यांनी स्टॅम्प पेपरवर नाकारली होती, त्यांचेच ते नाव.